‘कळप’ आणि ‘वाडा’

वाचावयाचे उतारे : उत्पत्ति ३२:१३–२०; यहेज्केल ३४; योहान ९:२४ ते १०:१६.

शास्त्राचा अभ्यास करितांना आपण मोठमोठ्या शब्दांपाशीं थांबतों. तारण, कृपा, नीतिमत्त्व यांवर प्रवचनें होतात, टीपा लिहिल्या जातात. परंतु ज्या शब्दांचा अर्थ पोरासोरांसही ठाऊक आहे अशी आपली समजूत असते, त्यांवरून आपण न थबकतां पुढें जातों. ‘कळप’ हा त्यांतलाच एक. ज्याच्या दारांत दोन शेळ्या आहेत त्याला कळप म्हणजे काय हें शिकविण्यास गुरुजी नको. तरी या धड्यासाठीं मीं हाच शब्द मुद्दाम घेतला आहे. त्याचें कारण मागाहून सांगेन; तें मला फारसें भूषणावह नाहीं.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहूं. मराठींत प्राण्यांच्या समुदायाला एकच नांव नाहीं. मेंढरांचा, हरणांचा, हत्तींचा कळप, गाईबैलांचें खिल्लार, पांखरांचा थवा, टोळांची धाड. ज्याचें त्याला शोभेल तेंच नांव द्यावें लागतें. मेंढरांचा थवा म्हटलें तर शाळेंतलें पोरही हंसेल. कांहीं शब्द मात्र आपलें मूळचें काम सोडून दुसरीकडे जाऊन बसले आहेत. खिल्लार हें आज बहुतेकांच्या मनांत बैलांच्या एका जातीचें नांव आहे. सोलापूर, सांगली, सातारा या बाजूचा लांब शिंगांचा, चपळ खिल्लारी बैल ज्यानें बाजारांत पाहिला आहे त्याला तें सांगावयास नको. तांडा म्हणजे पूर्वीं लमाणांच्या लादलेल्या बैलांची रांग. धान्य आणि मीठ पाठीवर घेऊन ती देशभर हिंडे. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आगगाडी धांवूं लागली, मग रूळ चोहोंकडे पसरले आणि बैलांचा तो धंदा बसला. बैल गेले, शब्द राहिला. आज लमाणांच्या स्थिर वस्तीलाही तांडाच म्हणतात. आणि एखाद्या पाहुण्याच्या मागें चार-पांच पोरें आलीं म्हणजे घरची म्हातारी त्याला लेंढार म्हणते, तेव्हां तिच्या बोलण्यांत कौतुक किती आणि ज्वारीची काळजी किती, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

आतां या शब्दांच्या मुळाकडे जाऊं. ‘कळप’ हा संस्कृत ‘कलाप’ शब्दापासून आला आहे. कलाप म्हणजे जुडी, एकत्र बांधलेला समूह. बाणांच्या भात्याला कलाप म्हणत, मोराच्या पिसाऱ्यालाही म्हणत, आणि म्हणून मोराचें एक नांव कलापी. पिसारा फुलला म्हणजे प्रत्येक पीस निराळें दिसतें, वाऱ्यानें निराळें हालतें. तरी सर्व पिसें मुळाशीं एके ठिकाणीं धरलेलीं असतात. भोंवतीं भिंत नसते.

याच्या उलट ‘गोत्र’ पाहा. मूळांत गोत्र म्हणजे गाई कोंडण्याची जागा. पुढें त्या कुंपणाच्या आंतील कुळालाच लोक गोत्र म्हणूं लागले, आणि अमका आंतला, तमका बाहेरचा हा विचार त्या शब्दाला जन्माचा चिकटला. ‘गोष्ठ’ म्हणजेही गाईंचें ठाणें. त्याचा आपला गोठा झाला; आणि त्याच शब्दावरून जमलेल्या मंडळीस व तिच्या बोलण्यास ‘गोष्ठी’ हें नांव पडून त्याची पुढें ‘गोष्ट’ झाली. म्हणजे आजी नातवंडांना सांगते ती गोष्ट आणि आपण म्हैस बांधतों तो गोठा हीं एकाच घरचीं भावंडें होत.

तिसरा शब्द ‘समाज’. संस्कृतांत ‘अज्’ या धातूचा अर्थ हांकणें. पाणिनीच्या व्याकरणांत असा नियम आहे कीं, या धातूस ‘सम्’ हा उपसर्ग लागून जनावरांचा समुदाय सांगावयाचा असेल तर ‘समज’ असें रूप होतें, आणि इतरांचा सांगावयाचा असेल तर ‘समाज’. जनावरें आणि माणसें यांत वैयाकरणाला भेद काय तो एका कान्याचा दिसला! (‘मुलाला समज आली’ असें आपण म्हणतों तो शब्द निराळा.) तेव्हां पुष्कळांचें एक होणें कोठें बांधल्यानें घडतें, कोठें कोंडल्यानें, तर कोठें हांकल्यानें. हें मनांत ठेवून शास्त्राकडे वळूं.

इब्री भाषेंत ‘सोन’ असा एक शब्द आहे. शेरडें आणि मेंढरें मिळून जो समुदाय होतो त्याचें तें नांव. त्यांतील एकट्या जनावराला ‘से’ म्हणतात, मग तें शेळीचें असो वा मेंढीचें. आपल्याकडे शेळीचें तें करडूं आणि मेंढीचें तें कोकरूं; म्हणून वल्हांडणासाठीं घ्यावयाचें कोकरूं मेंढरांतलें किंवा शेरडांतलें चालेल असें निर्गम १२:५ मध्यें वाचतांना आपला शेतकरी बुचकळ्यांत पडतो. शेरडांतलें कोकरूं तें कसें? इब्री वाचकाला ही अडचण पडत नाहीं, कारण त्याचा ‘से’ दोहोंनाही पुरतो. मत्तय २५:३२ मध्यें मेंढपाळ मेंढरांपासून शेरडें वेगळीं करितो असा दाखला आहे. तोही या रीतीवरून समजतो. दिवसभर दोन्ही एकाच रानांत, एकाच हांकेवर चरत असतात. आपल्या धनगरांच्या मेंढरांतही शेळ्या असतातच.

दुसरा इब्री शब्द ‘एदेर’. हा मोजक्या, वेगळ्या काढलेल्या कळपाला लावितात. याकोबानें एसावाकडे भेट पाठविली तेव्हां २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडणी आणि त्यांचीं पिलें, ४० गाई, १० बैल, २० गाढवी आणि १० गाढवें त्यानें निवडलीं. पिलें सोडून बेरीज ५५० होते. तीं सारीं एकदम न सोडतां त्यानें निरनिराळे कळप केले, प्रत्येक कळप एकेका चाकराच्या स्वाधीन केला आणि मध्यें अंतर ठेवण्यास सांगितलें. भावाचा राग एका कळपानें न निवला तर दुसऱ्यानें निवेल, हा त्यांतला हेतु. याकोब लबाड खरा, पण जनावरें कशीं चालवावीं हें त्याला चांगलें कळत होतें. नीतिसूत्रें २७:२३ मध्यें हे दोन्ही शब्द एके ठिकाणीं आले आहेत. धन्यानें आपल्या जनावरांची स्थिति स्वतः जाणावी, असा तेथील उपदेश आहे. मूळ इब्रींत तेथें ‘तोंड’ हा शब्द आहे. आपल्या मेंढरांचीं तोंडें ओळखतां आलीं पाहिजेत.

यहेज्केलाचा ३४ वा अध्याय मेंढपाळांविषयीं आहे असें आपण समजतों, आणि कळप सोडून स्वतःचेंच पोट भरणाऱ्या मेंढपाळांवर त्यांतून पुष्कळ उपदेश होतात. परंतु १७ व्या वचनापासून बोलणें मेंढरांकडे वळतें. तेथें लठ्ठ मेंढरें चांगला चारा खातात आणि उरलेला पायांनीं तुडवितात. स्वच्छ पाणी पितात आणि राहिलेलें गढूळ करितात. कूस आणि खांदा लावून, शिंगें मारून दुबळ्यांना बाहेर लोटतात. लांडगा अजून आलेलाही नाहीं. मेंढरेंच मेंढरांची दाणादाण करितात. हा भाग सभेंत वाचला जातांना मीं फार थोड्या वेळां ऐकला आहे.

नवा करार ग्रीक भाषेंत आहे. तेथें डुकरांच्या कळपाला ‘आगेले’ म्हटलें आहे. मार्क ५:१३ प्रमाणें तीं सुमारें २००० होतीं आणि कड्यावरून समुद्रांत धांवत गेलीं. ‘आगेले’ हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदापासून निघाला त्याचा अर्थ हांकणें किंवा नेणें. तें आणि संस्कृतांतील ‘अज्’ हीं एकाच मुळाचीं आहेत. मेंढरांच्या कळपाला मात्र ‘पॉइम्ने’ असा वेगळा शब्द आहे. तो ‘पॉइमेन’ म्हणजे मेंढपाळ या शब्दाशीं जोडलेला आहे. कळपाचें नांव मेंढरांवरून पडलें नाहीं, तें राखणाऱ्यावरून पडलें. मराठींत दोन्ही ठिकाणीं ‘कळप’ हाच शब्द योजावा लागतो, म्हणून हा भेद आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. यांत भाषांतरकारांचा दोष नाहीं. आपल्या भाषेंत मेंढपाळाच्या नांवावरून पडलेला कळपवाचक शब्दच चालू नाहीं.

आतां योहानाच्या १० व्या अध्यायांतील १६ वें वचन उघडा. तेथें दोन वेगळ्या वस्तु आहेत. वचनाच्या आरंभीं ग्रीक शब्द ‘आउले’ आहे. आउले म्हणजे भिंतींनीं वेढलेलें, दार असलेलें अंगण. त्या देशीं मेंढरें रात्रीं अशा अंगणांत असत आणि दारावर राखणदार असे. याच पुस्तकाच्या १८ व्या अध्यायांत प्रमुख याजकाच्या घराचें जें अंगण आहे, त्यालाही आउले हाच शब्द आहे. येथें मराठी वाचक नशीबवान ठरतो. आपला ‘वाडा’ असाच दुहेरी आहे: सरदाराचाही वाडा, मेंढरांचाही वाडा. प्रभु म्हणतो कीं, या वाड्यांतलीं नाहींत अशीं माझीं आणखी मेंढरें आहेत आणि त्यांनाही मला आणिलें पाहिजे. पण वचनाच्या शेवटीं ‘एक वाडा’ होईल असें तो म्हणत नाहीं. तेथें शब्द पालटतो. तेथें ‘पॉइम्ने’ आहे. एक कळप होईल, आणि त्याला राखणारा एक.

या दोन शब्दांची गल्लत झाली ती लॅटिन भाषांतरांत. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम नांवाच्या पंडितानें शुभवर्तमानांचें लॅटिन भाषांतर सुधारून तयार केलें. त्यांत वचनाच्या दोन्ही ठिकाणीं ‘ओविले’, म्हणजे वाडा, हाच शब्द आहे. पश्चिमेकडील मंडळ्यांत तेंच भाषांतर हजार वर्षांवर वाचलें गेलें, आणि शब्द वाचला कीं विचारही त्याच्या मागून येतो. १३०२ सालीं आठवा बोनिफेस या पोपानें एक प्रसिद्ध फर्मान काढलें. एका मंडळीच्या बाहेर तारण नाहीं आणि त्यासाठीं प्रत्येकानें पोपाच्या अधीन असलें पाहिजे, असें त्यांत प्रतिपादन आहे; तेथें आधारासाठीं हेंच वचन घेतलें आहे, आणि तेंही ‘एक वाडा’ या रूपांत. १५२२ सालीं लूथरानें जर्मन भाषेंत आणि १५२६ सालीं टिंडेल यानें इंग्रजींत मूळ ग्रीक पाहून ‘कळप’ असें बरोबर लिहिलें. तेव्हां दोष एकट्या रोमेचा असें म्हणून आपण सुटलों काय? मुळींच नाहीं. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत, म्हणजे आमच्याच प्रॉटेस्टंट विद्वानांच्या हातून, वाडा पुन्हां आंत आला, आणि १८८१ सालीं सुधारलेला इंग्रजी नवा करार निघेपर्यंत तेथेंच राहिला. वाड्याची आवड कोणा एका पंथाची नाहीं. आपल्या मराठी शास्त्रांत आरंभीं मेंढवाडा आणि शेवटीं कळप असे दोन निराळे शब्द आहेत, हें वाचणाऱ्यानें लक्षांत घ्यावें आणि मोठ्यानें वाचतांना ते दोन्ही स्पष्ट उच्चारावे.

असाच एक घोटाळा नव्व्याण्णव मेंढरांविषयीं आहे. एका फार प्रसिद्ध इंग्रजी गीतांत तीं वाड्यांत सुखरूप निजलेलीं आहेत. लूक १५:४ मध्यें तीं रानांत आहेत, आणि मत्तय १८:१२ मध्यें डोंगरावर.

योहानाचा ९ वा अध्याय आणि १० वा अध्याय हे एकाच ओघांत वाचले पाहिजेत. मधला आंकडा मागाहून घातलेला आहे. ९ व्या अध्यायांत एक जन्मांध मनुष्य बरा होतो, साक्ष देतो, आणि पुढारी त्याला बाहेर घालवितात. १० व्या अध्यायाच्या ४ थ्या वचनांत मेंढपाळ आपलीं सर्व मेंढरें वाड्याबाहेर काढितो आणि त्यांच्या पुढें चालतो. मूळ ग्रीकांत या दोन्ही ठिकाणीं क्रियापद एकच आहे. ज्या शब्दानें त्या मनुष्याला हांकलून दिलें, त्याच शब्दानें मेंढपाळ आपलीं मेंढरें चरावयास काढितो. तो मनुष्य वाड्याबाहेर पडला हें खरें. कळपांतून तो गेला नाहीं, उलट तेथेंच त्याला मेंढपाळ भेटला.

आतां आरंभीं म्हटलेलें कारण सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मंडळीचा पट नव्यानें लिहावयाचा होता. मी तेथें पाहुणा होतों आणि जुन्या ओळखीमुळें मलाही सभेंत बसविलें. जीं माणसें कांहीं न कळवितां सहा महिने उपासनेस आलीं नाहींत त्यांचीं नांवें कमी करावीं असा नियम एका वडिलांनीं वाचून दाखविला. यादींत पांच घरें निघालीं. पांचही ऊसतोडीला गेलेलीं. दिवाळीच्या सुमारास तीं बैलगाडी जुंपून निघालीं तीं कारखान्याच्या रानांत पाचटाच्या खोपींत राहिलीं होतीं. तेथें मुकादमाच्या वहींत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ अशी नोंद होते. कळविलें नाहीं हें खरें; कळवावयाचें कोणाला आणि कसें, हें सभेंत कोणी विचारिलें नाहीं. मींही विचारिलें नाहीं. नियम स्पष्ट होता, अक्षर सुंदर होतें, जेवणाची वेळ झाली होती. मीं मान डोलाविली.

वैशाखांत तीं घरें परत आलीं. पुढें काय झालें तें तेथील शाळेच्या गुरुजींनीं मला सांगितलें. प्रभुभोजनाच्या रविवारीं पटावरून नांवें वाचलीं गेलीं. त्यांतली एक बाई आपल्या सासूजवळ दाराशीं बसली होती. तिचें नांव आलें नाहीं. ती थोडी वेळ तशीच बसली, मग मांडीवरचें मूल खांद्यावर घेऊन बाहेर गेली. कोणाशीं भांडली नाहीं. पुढें पट दुरुस्त झाला, नांवें पुन्हां घातलीं गेलीं. परंतु तें घर आतां रविवारीं शेजारच्या गांवीं जातें. सासू मात्र येते.

त्यानंतर मीं प्रेषितांचीं कृत्यें २०:२८ पुन्हां वाचलें. पौल इफिसच्या वडिलांना सांगतो कीं, पवित्र आत्म्यानें तुम्हांस ज्या कळपाचे अध्यक्ष केलें त्याकडे लक्ष द्या. मूळांत तेथें ‘कळपावर’ असें नसून ‘कळपांत’ असें आहे. १६११ च्या इंग्रजींत तें ‘वर’ झालें होतें. १८८१ मध्यें तें पुन्हां ‘आंत’ करण्यांत आलें. सभेच्या दिवशीं मी आणि ते वडील कोठें बसलों होतों हें मला चांगलें आठवतें. आम्ही टेबलाच्या पलीकडे, खुर्च्यांवर होतों.

वाड्यानें कांहींच काम होत नाहीं असा मात्र याचा अर्थ नव्हे. रात्र खरी आहे, लांडगाही खरा आहे, आणि पट ठेवावाच लागतो. नाहींतर कोण आजारी, कोण उपाशी, कोण परगांवीं, हें कळणार कसें? वाडा कशाला हें धनगराला विचारावें. आपल्याकडच्या दुष्काळी भागांतील पुष्कळ धनगर दिवाळीच्या सुमारास गांव सोडितात. कोणी घाट उतरून कोंकणांत जातात, आणि पावसाच्या तोंडीं परततात. त्यांच्या बोलींत वाडा म्हणजे दगडांची भिंत नव्हे. बरोबर चालणारीं घरें, त्यांचीं बिऱ्हाडें आणि मेंढरें मिळून जो मुक्काम पडतो त्यालाच ते वाडा म्हणतात. तो आज येथें, उद्यां तेथें. शेतकरी त्यांना आपल्या शेतांत मेंढरें बसवावयास बोलावितो, कारण लेंडीखतासारखें खत नाहीं, आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. संध्याकाळीं मेखा ठोकून भोंवतीं वाघर ओढतात. वाघर म्हणजे दोरीची जाळी. तिच्या आंत मेंढरें निजतात, कुत्रीं बाहेर जागतात. उजाडलें म्हणजे कोकरें आयांना पाजून घेतात, बायका बिऱ्हाड आवरतात, मेखा उपटल्या जातात, आणि वाघर गुंडाळून घोड्याच्या पाठीवर टाकितात. मग पुढें उभा असलेला म्हातारा हांक देतो आणि मेंढरें त्याच्या मागून रस्त्याला लागतात. शेतांत मेखांचीं भोंकें तेवढीं राहतात.